तपासणीच्या खुर्च्या

पालकसभा संपली. पालक उठले, मार्कांवरून आपापल्या मुलांना दटावत बाहेर पडले, शिपायाने खिडक्या लावून घेतल्या, तरी एक बाई बसूनच होत्या. बसल्या होत्या त्याही वर्गशिक्षिकेच्या खुर्चीत. मुलांच्या बाकांना टेकायला काही नसतं. टेकता येईल अशी खुर्ची वर्गात एकच, आणि वर्गशिक्षिका उभ्याने बोलत असल्यामुळे ती तासभर रिकामी होती. या बाई आल्या, वर्गभर एक नजर फिरवली आणि सरळ जाऊन तिच्यात बसल्या. त्यात आगाऊपणा म्हणाल तर अजिबात नव्हता. तहानलेला माणूस नळाकडे जातो तशा त्या गेल्या होत्या.

"काही विचारायचं राहिलंय का?" वर्गशिक्षिकेने विचारलं.

"नाही हो बाई. मुलगी बरी आहे ना अभ्यासात?"

"चांगली आहे. घोकते मात्र फार. प्रश्न जरा फिरवून विचारला की गडबडते."

"माझ्यावर गेलीय," त्या समाधानाने म्हणाल्या. "मग झालं. पाच मिनिटं बसू द्या. एकदा मागे टेकलं की मला उठवत नाही."

"काम काय करता तुम्ही?"

"डोळे बसवते."

वर्गशिक्षिकेने नकळत स्वतःचा चष्मा सारखा केला. "कोणाचे?"

"अस्वलांचे, जास्त करून. मधूनमधून सशांचे."

त्या दिवसापासून या बाई शाळेच्या ओळखीच्या झाल्या. कारखान्यात आणि गल्लीत त्यांना सगळे काकूच म्हणत, म्हणून इथेही काकूच म्हणू. पुढची हकीकत थोडी त्यांच्याकडून कळली, थोडी त्यांच्या मुलीकडून, आणि उरलेली त्यांच्या यजमानांकडून, जे ती विचारल्याशिवायही सांगतात.

शहराच्या टोकाला कापडी खेळण्यांचा एक कारखाना आहे. तिथे कापड कापलं जातं, शिवलं जातं, त्यात कापूस भरला जातो आणि शेवटच्या खोलीत प्राण्यांना डोळे मिळतात. डोळे मिळेपर्यंत प्राणी म्हणजे नुसतं बोचकं असतं. दाभण आत घालायचं, जाड दोरा ओढायचा, गाठ मारायची आणि उरलेला दोरा दातांनी तोडायचा, की बोचकं एकदम आपल्याकडे बघायला लागतं. काकूंनी हे काम वर्षानुवर्षं केलं, तरी त्या पहिल्या नजरेची त्यांना सवय कधी झाली नाही. डोळे बसले की त्या पुटपुटत, "आलात? बसा." मग त्याला टोपलीत टाकत.

सगळा माल परदेशी जाई. एक मोठी कंपनी होती, तिची दुकानं म्हणे जगभर. त्या कंपनीच्या कचेरीतून मालकांना सूचना येत, मालकांकडून सुपरवायझर साहेबांना आणि साहेबांकडून डोळ्यांच्या खोलीला. एका वर्षी सूचना आली की यंदा डोळे जरा खाली आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे प्राणी उदास दिसतो. तिकडच्या मुलांना यंदा उदास प्राणी आवडताहेत.

"तिकडं सगळं असून मुलांना रडकी अस्वलं कशाला हो लागतात?" काकूंनी विचारलं.

"मागणी आहे," साहेब म्हणाले.

"आमच्याकडे पाठवा म्हणावं ती मुलं. दोन दिवस या स्टुलावर बसली की हसऱ्या अस्वलाची किंमत कळेल."

साहेबांनी हे मालकांपर्यंत नेलं नाही.

एकदा तर एक असा प्राणी आला की तो खरा आहे की कुणीतरी मनाने काढलाय, यावर खोलीत दोन तट पडले. पोट सशाचं, शेपूट कुणाचंच नाही, आणि नाकाच्या जागी चोच. काकूंनी त्यालाही डोळे बसवले आणि "आलात? बसा" म्हटलं. आपल्याला ओळख नसली तरी पाहुणा तो पाहुणा.

काकूंच्या हातचा प्राणी शंभरांत ओळखू यायचा. डोळे सांगितल्या जागीच असत, पण दोऱ्याचा ताण असा काही पडे की चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव उमटे: दिवसभराच्या दगदगीनंतर आत्ता कुठे टेकायला मिळालंय आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आहे. साहेबांनी हे दोनदा बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "साहेब, मी काही मुद्दाम करत नाही. आतून येतं ते."

आतून येण्याचं कारण म्हणजे ते स्टूल. उंच, गोल, लोखंडी पायांचं. मेजंही त्याच उंचीला धरून केलेली, त्यामुळे काम हाताशी येई, पण मागे टेकायला हवेशिवाय काही नाही. संध्याकाळपर्यंत काकूंचं कंबरडं मोडलेलं असे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पाठीला आधार हवा. काकू म्हणाल्या, "आधार आहे डॉक्टर, पण तो गोदामात आहे."

ही थट्टा नव्हती. गोदामात, ताडपत्रीखाली, डोळ्यांच्या खोलीतल्या प्रत्येक बाईच्या वाटणीची एकेक खुर्ची होती. राखाडी रंगाची, गुबगुबीत बैठकीची, मागे चांगली रुंद पाठ. वर्षातून दोनदा त्या मोठ्या कंपनीकडून कुणीतरी तपासणीला येई. आपला माल बनवणाऱ्या माणसांची आपण किती काळजी घेतो, हे कंपनी तिकडे एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक छापून आपल्या गिऱ्हाइकांना सांगत असे, आणि छापण्याआधी कुणाला तरी पाठवून बघत असे. तपासणीच्या आदल्या दिवशी स्टुलं गोदामात जात आणि खुर्च्या बाहेर येत. त्यांच्यासोबत दोन कुंड्या, एक आरसा, बेसिनपाशी साबण आणि पांढरा कोट घातलेली परिचारिका हेही बाहेर येत. परिचारिका म्हणजे मालकांची मेहुणी. तिला रक्त बघून भोवळ येते, पण कोट अगदी अंगाबरोबर बसतो.

खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक मालकांनी काढू दिलं नव्हतं. बसलं की त्या करकर वाजत. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले की सगळा संसार पुन्हा ताडपत्रीखाली.

काकू वर्षभर त्या दोन दिवसांची वाट बघत. त्यांनी सगळ्या खुर्च्यांत आळीपाळीने बसून त्यांतली एक पसंत केली होती. ती डुगडुगत नसे आणि तिची पाठ बरोबर दुखतं तिथेच लागे. पुढच्या वेळी ती दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून काकूंनी तिच्या बैठकीच्या खालच्या कापडाला अस्वलाचा एक डोळा शिवून ठेवला. खुर्च्या बाहेर आल्या की त्या प्रत्येक खुर्चीखाली हात घालून चाचपत, आणि डोळा हाताला लागला की म्हणत, "आलात? बसते."

एकच अडचण होती. मेजं स्टुलांच्या उंचीची, आणि खुर्च्या स्टुलांपेक्षा चांगल्याच ठेंगण्या. खुर्चीत बसलं की मेज गळ्याशी येई. हे आजवर कुठल्याच तपासनिसाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पाहुणे आत आले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, असं साहेबांनी शिकवलेलं होतं. पाहुण्यांना दिसे ती उभी माणसं आणि त्यांच्या मागे रिकाम्या, छान खुर्च्या. पाहुणे खुश होऊन पुढे जात. बाकीच्या बायका तो दिवस उभ्याने काढत, पण काकू? वर्षातून दोनदा मिळणारी खुर्ची त्या उभ्याने थोड्याच घालवणार! नापास झालेल्या अस्वलांचं एक पोतं कोपऱ्यात असे. एकाचा कान उलटा, एकाचं पोट फुटलेलं. ते पोतं काकू बैठकीवर घेत, त्यावर बसत, मागे टेकत आणि काम बरोबर हाताशी येई. त्या दिवशीच्या त्यांच्या हातच्या प्राण्यांचे चेहरे म्हणे फारच प्रसन्न असत. कंपनीने तशी तक्रारही केली होती.

काकूंनी एकदा धीर करून साहेबांना विचारलं, "साहेब, एक खुर्ची बाहेर राहिली तर काय बिघडेल?"

"काकू, त्या तपासणीच्या खुर्च्या आहेत."

"अहो, पण आहेत ना?"

"एकीला दिली तर सगळ्या मागतील."

"मागू देत की. सगळ्यांच्याच आहेत."

साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त मालकांपुढे उभं राहिलं की त्यांच्या तोंडून 'हो'शिवाय काही निघत नसे. ते म्हणाले, "यंदाची तपासणी वेगळी आहे. यंदा एकेकीला बोलावून प्रश्न विचारणार आहेत. सगळ्यांत आधी तुम्हाला, कारण तुम्ही जुन्या. उत्तरं चोख द्या. सगळं नीट पार पडलं, तर तुमच्या खुर्चीचं मी मालकांकडे बोलतो. माझा शब्द."

म्हणजे आता खुर्ची उत्तरांवर होती. काकूंनी जन्मात कुठली परीक्षा इतकी मनावर घेतली नसेल.

साहेबांनी प्रश्न कुठून तरी मिळवले होते. सात प्रश्न, सात उत्तरं. जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांना ओळीने उभं करून म्हणवून घेत, त्यावरून त्यांचं नाव हेडमास्तर पडलं. शेवटी त्यांनी एक सल्ला दिला, आणि तोच पुढे भोवला. "तो दुभाषा पुस्तकी बोलतो. प्रश्न ऐकत बसाल तर गोंधळाल. प्रश्न याच क्रमाने येणार आहेत. तुम्ही फक्त उत्तरांकडे लक्ष ठेवा आणि एकामागून एक देत चला."

घरी रात्रीच्या जेवणाला उजळणी सुरू झाली. यजमान शहराच्या बसचे चालक. ते दिवसभर बसून असत आणि घरी आले की येरझाऱ्या घालत. काकू दिवसभर स्टुलावर ताठ आणि घरी आल्या की पलंगाला टेकून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं एका वेळी एका उंचीवर क्वचितच आली असतील.

"आठ तास, मधे जेवणाची सुट्टी," काकूंनी सुरुवात केली. "हो, साबणाने. वर्षातून दोनदा, मैदानात. नाही, कधीच नाही. नर्सताईंकडे, त्या पट्टी बांधतात. याच खुर्चीवर, पाठ टेकून. खूप आनंद वाटतो."

"अगं, प्रश्न काय आहेत पण?" यजमान खोलीच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाले.

"प्रश्नांशी आपल्याला काय करायचंय?"

"आणि खुर्चीसाठी एवढा आटापिटा? मी दिवसभर खुर्चीतच असतो. माझ्याकडे बघ. बसून बसून माझं काय झालंय!"

"तुमची खुर्ची तुम्हाला गावभर फिरवते. माझं स्टूल मला कुठे नेतंय?"

मुलगी मधे पडली. "आई, त्यांनी क्रम बदलला तर?"

"कशाला बदलतील? तुमच्या शाळेत बदलतात का?"

शाळेत बदलत नसत, हे खरंच होतं.

तपासणीचा दिवस आला. स्टुलं आत गेली, खुर्च्या बाहेर आल्या, मेहुणीने कोट चढवला. तपासणीला आलेल्या बाई उंच, फिकट आणि फार दमलेल्या होत्या. चाकांची बॅग ओढत त्या तीन देशांतले कारखाने बघून आल्या होत्या आणि अजून दोन देश बाकी होते. सोबत टाय लावलेला एक तरुण दुभाषा. काकूंना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. काचेपलीकडे साहेब, हाताची घडी घालून, ओठ हलवत उभे होते. पहिलं उत्तर ते मनातल्या मनात म्हणत होते.

बाईंनी कागद उघडला, पण डोळे चोळत शेवटच्या पानापासून सुरुवात केली, आणि पुढेही प्रश्न हाताला येतील तसे घेतले.

"आपण कार्यरत असताना," दुभाषा म्हणाला, "आपणास समाधानाची अनुभूती होते का?"

"आठ तास," काकू म्हणाल्या. "मधे जेवणाची सुट्टी."

दुभाष्याने एक क्षण विचार केला आणि ते सांगून टाकलं. बाईंनी मान हलवून लिहून घेतलं. समाधान मोजायची ही पद्धत त्यांना नवी होती, पण त्यांनी बरेच देश पाहिले होते.

"आपले वरिष्ठ कधी आपणावर क्रोधित होतात का?"

"हो, साबणाने."

दुभाष्याने काचेकडे पाहिलं. साहेबांचे ओठ हलायचे थांबले.

"ही जी आसने बाहेर मांडलेली आहेत, ती आपण किती वेळा वापरता?"

"वर्षातून दोनदा. मैदानात."

"आपणास इथे पिण्याचे स्वच्छ पाणी मिळते का?"

"नाही, कधीच नाही."

"आग लागल्यास आपण कोठे जाल?"

"नर्सताईंकडे. त्या पट्टी बांधतात."

साहेब आता काचेवर बोटाने टकटक करत होते. काकूंना वाटलं, शाबासकी आहे. त्यांचा आवाज मोकळा झाला.

"आपण हात कोठे धुता?"

"याच खुर्चीवर, पाठ टेकून."

"कारखान्यात आजवर कुणाला गंभीर दुखापत झाली आहे का?"

"खूप आनंद वाटतो," काकू म्हणाल्या, आणि सातही उत्तरं संपल्यामुळे सुटकेचा श्वास सोडून खरोखरच आनंदाने हसल्या.

दुभाष्याने टाय सैल केला. त्या दमलेल्या बाईंनी कागद मिटला, काकूंकडे बराच वेळ पाहिलं आणि एकच वाक्य बोलल्या.

"त्या म्हणतात," दुभाषा आता पुस्तकी बोलायचं विसरला होता, "प्रश्न राहू देत. तुम्ही काम कसं करता ते दाखवा."

हे उत्तर पाठ केलेलं नव्हतं, त्यामुळे ते बरोबर आलं. काकू डोळ्यांच्या खोलीत गेल्या, कोपऱ्यातलं पोतं उचललं, खुर्चीवर ठेवलं, त्यावर बसल्या, मागे टेकल्या आणि एक अस्वल पुढ्यात घेतलं. सगळ्या बायका रीतीप्रमाणे उठून उभ्या होत्या. बाईंनी हाताने खूण केली, बसा. आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे पाहिलं, आणि करकर वाजत सगळ्या खाली बसल्या. मेजाच्या कडेवर नुसत्या हनुवट्या उरल्या. मोठ्यांच्या टेबलाशी बसवलेली लहान मुलं दिसावीत तशी एक रांगच्या रांग, आणि मधे पोत्यावर बसलेल्या काकू, राणीसारख्या. पोत्याच्या फाटक्या कडेतून नापास अस्वलं बाहेर बघत होती.

"पोतं कशाला?" दुभाष्याने विचारलं.

"मेज उंच आहे ना. ते स्टुलांसाठी केलंय."

"स्टुलं कुठे आहेत?"

"गोदामात. खुर्च्या बाहेर असल्या की स्टुलं आत असतात."

हे काकूंनी एवढ्या सहज सांगितलं, जसं दिवस असला की रात्र नसते. दाभण अर्ध्यावर थांबलं ते त्यानंतर. आपण काय बोललो हे त्यांना कळलं, तेव्हा दुभाष्याचं सांगून झालेलं होतं. मेहुणी खाली बसली, तिला भोवळ आली होती.

बाई गेल्या. जाताना त्यांनी काकूंच्या हातातलं ते अस्वल मागून घेतलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. त्यांना ते कुणासारखं दिसलं, हे त्यांनी सांगितलं नाही. दुभाष्याने मात्र एकदा अस्वलाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कंपनी आता काम काढून घेणार आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशात देणार, असं कारखान्यात सगळेच म्हणू लागले. शेजारच्या स्टुलावरची बाई काकूंशी धड बोलेना. "तुमच्या एका खुर्चीपायी आमची स्टुलंही जायची," ती एवढंच म्हणाली, आणि ते काकूंना दाभणासारखं लागलं. साहेब समोरून आले तर बाजूने जात. शब्द दिलेल्या खुर्चीचा विषय कुणी काढायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांतल्या अस्वलांची मात्र कंपनीने फार स्तुती केली. इतकी उदास आजवर आली नव्हती.

"नोकरी गेली तर गेली," यजमान येरझाऱ्या घालत म्हणाले. "घरी बस. टेकून."

"माझं सोडा हो. बाकीच्यांचं काय?"

यजमान थांबले आणि चक्क येऊन शेजारी बसले. त्यावरून परिस्थिती किती बिकट होती ते समजावं.

मग एक दिवस कंपनीचं उत्तर आलं. मालकांनी ते दार लावून वाचलं आणि दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा होता. स्टुलं आणि खुर्च्यांच्या आतबाहेरबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. साबणाबद्दल नव्हतं, परिचारिकेबद्दल नव्हतं. एवढंच होतं की आसनांची आणि मेजांची उंची जुळत नाही, ती जुळवावी आणि कामगार नीट बसून काम करत असल्याचं छायाचित्र ताबडतोब पाठवावं, म्हणजे पुढचं काम देता येईल. गुळगुळीत पुस्तक छपाईला जायचं थांबलं होतं.

मालकांचा जीव भांड्यात पडला. ताबडतोब म्हणजे ताबडतोब. त्याच दुपारी सुतार बोलावला. "उद्या सकाळी फोटो," मालक म्हणाले. "मेजं खुर्च्यांच्या मापाला आण. पाय काप."

सुतार मेजं एकेक करून उताणी पाडू लागला. काकू खिडकीपाशी उभ्याने एका सशाला डोळे बसवत होत्या. सुताराने खुर्चीला पट्टी लावली, मेजाच्या पायावर पेन्सिलने खूण केली आणि काकूंच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं: इथून कापलं की स्टुलावर बसणाऱ्या बाईचे गुडघे मेजाखाली जाणार नाहीत. उद्या फोटो निघेल, परवा खुर्च्या आत जातील, स्टुलं बाहेर येतील, आणि मग?

काकू स्वभावाने बोलघेवड्या. मनात आलेलं ओठांवर यायला त्यांना कधी वेळ लागत नसे. साहेब शेजारीच उभे होते, तेही कुठल्याशा शंकेने मेजाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "काकू, बरोबर चाललंय ना?"

काकूंनी उरलेला दोरा तोडण्यासाठी दातांत धरला होता. तोंडात दोरा असताना बोलता येत नाही. त्यांनी नुसती मान हलवली. तो दोरा तुटायला त्या दिवशी फार वेळ लागला. शेवटच्या मेजाचा शेवटचा पाय खाली पडला, तेव्हा कुठे तो तुटला.

सकाळी फोटो निघाला. छायाचित्रकाराला खुर्च्यांच्या पाठी दाखवायच्या होत्या, म्हणून त्याने तो मागून काढला. दुपारी मालकांच्या आज्ञेवरून खुर्च्या गोदामात गेल्या, स्टुलं बाहेर आली, बायका स्टुलांवर चढल्या आणि सगळ्यांचे गुडघे एकदमच मेजांच्या कडांवर आपटले. कुणी तिरकं बसून पाहिलं, कुणी पाय फाकवून, कुणी वाकून. शेजारची बाई वाकली ती अशी वाकली की तिला दोघींनी धरून सरळ केलं. संध्याकाळपर्यंत टोपलीत नेहमीच्या निम्मे प्राणीही पडले नाहीत.

मालक आले, पाहिलं, सुताराला बोलावलं. "पाय पुन्हा जोड."

"कापलेला पाय जोडता येतो," सुतार म्हणाला, "पण मेज डुगडुगेल. नवीनच करावी लागतील."

मालकांनी स्टुलांकडे पाहिलं, मेजांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हो." कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचा तो 'हो' पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला.

"खुर्च्या आणा बाहेर," मालक म्हणाले. जाता जाता त्यांनी बजावलं, "प्लॅस्टिक काढू नका."

प्लॅस्टिक दोन दिवसांत काढलं गेलं. कुणी काढलं ते कळलं नाही. खुर्च्या वाटल्या जात असताना काकू प्रत्येक बैठकीखाली हात घालत फिरल्या, आणि डोळा लागला तिथे थांबल्या. पोतं कोपऱ्यातच राहिलं, त्याची आता गरज नव्हती. शेजारची बाई नव्या खुर्चीत मागे टेकली, डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला ते माहीत होतं ना हो? मेजांचं?"

"तोंडात दोरा होता माझ्या," काकू म्हणाल्या.

काही महिन्यांनी ते गुळगुळीत पुस्तक आलं. मालकांनी ते कारखान्यात सगळ्यांना दाखवलं, आणि काकूंनी मागून घेऊन एक दिवस घरी नेलं. मधल्या पानावर डोळ्यांच्या खोलीचा फोटो होता. खाली छापलेलं मुलीने वाचून, जमेल तसा अर्थ लावून सांगितलं: आमच्या कामगारांची पाठ हा आमच्यासाठी पहिल्यापासून जिव्हाळ्याचा विषय आहे.

यजमानांनी येरझाऱ्या थांबवून पुस्तक हातात घेतलं. "यात तू कुठे आहेस?"

"ही काय."

"ही तर खुर्ची आहे. वर नुसता अंबाडा दिसतोय."

"तो माझाच."

"जगभर गेलीस आणि तोंड नाही दाखवलंस," यजमान म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरच्या सगळ्यांना त्यांनी त्या अंबाड्याबद्दल सांगितलं, आणि अजूनही सांगतात.

वर्षातून दोनदा अजून तपासणी होते. कुंड्या, आरसा आणि मेहुणी ठरल्याप्रमाणे बाहेर येतात. गोदामातली ताडपत्री आता स्टुलांवर आहे. काकूंची मुलगी शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाली आहे आणि परीक्षेत प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलते. यजमान निवृत्त झाले, आता ते घरी बसतात.

काकूंची नजर थोडी मंदावली. त्यामुळे हल्ली त्या डोळे बसवत नाहीत, नाकं बसवतात. खुर्ची तीच आहे.